छंदांविषयी प्रश्नोत्तरे : स्लॉट कार शर्यतीची सुरुवात

मागील अंकात घरच्या घरी जोपासता येणाऱ्या छंदांची ओळख करून देताना स्लॉट कार शर्यतीचा उल्लेख मोजक्या ओळींत केला होता. त्या ओळींवरून इंदूरच्या वाचकांनी बरीच पत्रे पाठवली, म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. तो मजकूर ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर या खेळाच्या ट्रॅकवर प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच कोरलेली असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूस असलेले एक लहान पाते, ज्याला गाइड म्हणतात, त्या खाचेत उतरते. गाइडच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या पट्ट्या असतात. या विणलेल्या पट्ट्या ट्रॅकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर घासत जातात आणि तेथून वीज घेऊन गाडीतील छोटी मोटर मागची चाके फिरवते. हातातील कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबावा, तितकी अधिक वीज त्या खाचेच्या पट्ट्यांना, म्हणजे त्या लेनला, मिळते.

प्रश्न : मी माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करतो. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या लहानपणी खूप चालवल्या आहेत. स्लॉट कारमध्ये गाडी वळवावी लागतच नाही, मग त्यात कौशल्य ते काय? आणि आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने सुरुवात करायची झाल्यास नेमके काय घ्यावे?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : रिमोटच्या गाडीत दिशा आणि वेग अशी दोन्ही सूत्रे चालवणाऱ्याच्या हाती असतात. स्लॉट कारमध्ये दिशा ट्रॅकने ठरवून दिलेली असते आणि केवळ वेग आपल्या बोटावर राहतो, म्हणून हा खेळ वरवर पाहणाऱ्याला सोपा वाटतो. परंतु पूर्ण ट्रिगर दाबून सहसा वळण पार होत नाही. वेग मर्यादेपलीकडे गेला, की आधी गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो, मग गाइड खाचेतून उचलला जातो आणि गाडी ट्रॅकबाहेर जाते. ती मर्यादा प्रत्येक वळणाला, प्रत्येक लेनला आणि टायरच्या त्या क्षणीच्या स्थितीप्रमाणे वेगळी असते. तिच्या अगदी जवळ राहून, पण ती न ओलांडता एकामागून एक लॅप, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण फेऱ्या, पार करणे हेच या खेळातील कौशल्य आहे, आणि माझ्या मते वेगापेक्षा या नियंत्रणातच खरा आनंद आहे. वेगाची कमतरता मात्र कोणाला जाणवणार नाही. १:३२ प्रमाणाची, म्हणजे खऱ्या मोटारीच्या एक-बत्तीसांश लांबीची, गाडी सेकंदाला तीन मीटर धावली, तर प्रत्यक्षातला वेग ताशी अकरा किलोमीटरच्याही आत असतो; तोच वेग गाडीच्या प्रमाणात मोजला, तर ताशी ३४५ किलोमीटर भरतो.

आता काय घ्यावे ते पाहू. या गाड्या मुख्यतः चार प्रमाणांत मिळतात. साडेचार मीटर लांबीची खरी मोटार १:२४ प्रमाणात सुमारे एकोणीस सेंटिमीटरची, १:३२ मध्ये चौदा, १:४३ मध्ये साडेदहा आणि १:६४ मध्ये सात सेंटिमीटरची होते. सर्वांत लहान गाड्यांचा ट्रॅक टेबलावर मावतो, परंतु त्यांतील अनेक गाड्यांना ट्रॅककडे ओढून धरणारी चुंबके इतकी जोरकस असतात, की बरीचशी वळणे वेग न आवरताच पार होतात आणि ट्रिगर सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. १:२४ च्या गाड्यांना लाकडी ट्रॅकची ऐसपैस जागा लागते, जी बहुधा क्लबातच असते. १:४३ चे सेट मुलांसाठी चांगले आहेत. ते हलके आणि तुलनेने स्वस्त असतात, मात्र त्यांच्या गाड्यांमध्ये पुढे सुधारणा करण्यास फारसा वाव नसतो. म्हणून प्रौढ माणसाने १:३२ पासून आरंभ करावा, असे मी निःसंकोचपणे सुचवीन. ब्रिटनच्या स्केलेक्स्ट्रिक आणि मूळच्या जर्मन कारेरा या दोन्ही नावांनी या प्रमाणातले पूर्ण सेट मिळतात, तर इटलीच्या स्लॉट-डॉट-इट आणि एनएसआर यांच्या गाड्या नंतर शर्यतीची गोडी लागल्यावर घेता येतात.

जागेची चिंता फार नको. अडीच-तीन फूट रुंद आणि सहा-सात फूट लांब जागेत १:३२ चा साधा लंबवर्तुळाकार ट्रॅक मावतो, आणि चार बाय आठच्या प्लायवर इंग्रजी आठच्या आकाराचा चांगला ट्रॅक उभा राहतो. तुकडे एकमेकांत अडकवायचे असल्यामुळे रविवारी मांडून संध्याकाळी पलंगाखाली ठेवता येतात. आठचा आकार घेण्यास आणखी एक कारण आहे. लंबवर्तुळात आतली लेन नेहमी लहान पडते. आठच्या आकारात दोन्ही लेन एकेकदा आत आणि एकेकदा बाहेर येतात, त्यामुळे अंतर समान होते आणि हरलेल्याला लेनची सबब सांगता येत नाही.

एक सूचना आग्रहाने करतो. पहिल्या सेटमध्ये गाड्या दोनच असाव्यात आणि शक्य तोवर एकाच जातीच्या असाव्यात. नवशिक्याचा पैसा बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या गाडीवर जातो, पण तो चांगला कंट्रोलर, टायरचा एखादा जादा जोड आणि ट्रॅकचे आणखी काही तुकडे यांवर खर्च केला, तर खेळ खऱ्या अर्थाने पुढे जातो. ट्रॅक वाढवताना कंपनीही बदलू नये. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या बहुधा एकमेकींच्या ट्रॅकवर धावतात, फार तर गाइड बदलावा लागतो. ट्रॅकचे तुकडे मात्र एकमेकांत सहजासहजी बसत नाहीत.

प्रश्न : माझ्या दिरांनी परदेशातून मुलांसाठी स्लॉट कारचा सेट आणला. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची आहे. प्रत्येक वळणावर गाडी उडते, मग भांडण होते, आणि आता सेट कपाटावर पडून आहे. गाडी उडू नये म्हणून काय करावे? शिवाय धातूच्या उघड्या पट्ट्यांमधून वीज जाते, तेव्हा मुलांच्या हातांना त्यापासून धोका तर नाही ना?
— एक वाचक भगिनी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी सुरक्षेविषयी लिहितो, कारण ती शंका मनात असेल तर खेळ मोकळेपणाने होणार नाही. ट्रॅकच्या पट्ट्यांवर साधारण बारा ते अठरा व्होल्ट एवढाच एकदिश प्रवाह असतो. कोरड्या हाताने त्यांना स्पर्श झाला तरी झटका बसत नाही. काळजी घ्यायची ती भिंतीतील प्लग आणि ट्रॅक यांच्यामधल्या अडॅप्टरची. सेट परदेशातून आला असल्याने अडॅप्टरवरची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. तेथे इनपुट म्हणून १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर केवळ आपल्या सॉकेटला बसणारी पिन लावली की पुरे. पण अमेरिकेतून आणलेल्या अडॅप्टरवर फक्त १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टवर कदापि लावू नये, तो जळेल. अशा वेळी सेटवर छापलेल्या व्होल्टचा आणि अँपिअरचा चांगल्या प्रतीचा अडॅप्टर येथेच घ्यावा. पुढेमागे मुलांसाठी नवा सेट भारतातच घेणार असाल, तर त्यावर आयएसआय चिन्ह आहे ना ते पाहावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

आता गाडी उडण्याविषयी. मुले पहिल्याच दिवशी ट्रिगर पूर्ण दाबून ठेवतात, आणि त्यांना कोणी वेगळे शिकवलेले नसते. त्यांच्यासाठी पहिला पाठ असा ठेवावा, की एकमेकांशी शर्यत न लावता प्रत्येकाने गाडी न उडवता दहा लॅप पूर्ण करायचे. कितीही हळू चालले तरी चालेल. पुष्कळ सेटच्या कंट्रोलरवर किंवा पॉवर बेसवर, म्हणजे ट्रॅकला वीज देणाऱ्या तुकड्यावर, वेग मर्यादित करणारे बटण असते. ते मुलीसाठी सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावे. दहा लॅप साधले, की मगच घड्याळ हाती घ्यावे.

दुसरा पाठ वळणाचा. सरळ भाग संपण्याच्या आधीच ट्रिगर सोडायचा, वळणात गाडी शांतपणे शिरू द्यायची आणि तिचे नाक पुढच्या सरळ भागाकडे वळू लागले, की हळूहळू पुन्हा दाबत जायचे. वळणात शिरल्यावर घाबरून ट्रिगर सोडला, तर बहुधा उशीर झालेला असतो. मुलाला हे पटावे म्हणून त्यामागचे विज्ञानही सांगावे. अकराव्या वर्षी ते उत्तम समजते. चांगल्या कंट्रोलरमध्ये ट्रिगर पूर्ण सोडला, की वीज तर थांबतेच, शिवाय मोटरीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात. चाकांच्या गतीने फिरत राहिलेली मोटर तेवढ्यापुरती जनित्र होते, तिने निर्माण केलेला प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो आणि गाडीला ब्रेक लागतो. म्हणजे ट्रिगर अर्धवट ढिला करणे आणि पूर्ण सोडणे या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. हा फरक ज्या दिवशी बोटाला कळतो, त्या दिवसापासून मुलांचे चालवणे एकदम बदलते.

बहुतेक घरगुती सेटच्या गाड्यांच्या पोटाखाली एक चुंबक असते. ते ट्रॅकच्या पोलादी पट्ट्यांकडे ओढले जाऊन गाडीला खाली दाबून धरते. ते निघाले असेल किंवा कोणी काढले असेल, तर पुन्हा बसवावे. अनुभवी खेळाडू चुंबक काढून खेळणे पसंत करतात, कारण मग गाडीची मागची बाजू हळूहळू सरकते आणि मर्यादा जवळ आल्याची सूचना मिळते. चुंबकाची गाडी घट्ट चिकटून धावते आणि सुटली, की एकाएकी सुटते. तरीही आरंभीचे काही महिने मुलांसाठी चुंबक असलेलेच बरे.

टायरही तपासावेत. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात घरात येणारी धूळ ट्रॅकवर बसते, ती टायरना चिकटते आणि पकड जाते. ट्रॅक कोरड्या सुती कापडाने पुसावा, आणि मागची चाके चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर दोन-चार वेळा फिरवावीत. एवढ्याने किती फरक पडतो, हे पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

भांडणाचा उपाय म्हणून लेन अदलाबदल करण्याचा नियम ठेवावा. प्रत्येक फेरीनंतर लेन बदलायची, आणि दोन्ही लेनवरचे मिळून ज्याचे लॅप अधिक तो विजयी. उडालेली गाडी पुन्हा खाचेत ठेवण्याचे काम तिसऱ्या व्यक्तीकडे द्यावे. शर्यतीच्या भाषेत त्याला मार्शल म्हणतात, आणि ते काम आजोबांनी स्वीकारले, तर त्यांचा निर्णय कोणी नाकारत नाही.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझे थोरले बंधू १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये होते. परतताना त्यांनी आणलेला स्केलेक्स्ट्रिकचा सेट माळ्यावर मूळ खोक्यात सापडला. पट्ट्यांवर गंज आहे, एक गाडी अखंड आहे, दुसरीचे टायर कडक होऊन तडकले आहेत. नातवासमोर हा सेट चालवून दाखवण्याची फार इच्छा आहे. ते शक्य आहे काय?
— एक निवृत्त प्राध्यापक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : शक्य आहे, आणि आपण तो टाकून दिला नाही याचा मनापासून आनंद झाला. स्केलेक्स्ट्रिकचा जन्म १९५७ चा. फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स या कंपनीने त्या वर्षी हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात तो प्रथम मांडला. त्याआधी ही कंपनी स्केलेक्स नावाच्या स्प्रिंगवर धावणाऱ्या मोटारी बनवत असे. त्यांना वीज आणि खाच देण्याची कल्पना म्हणजेच हा खेळ. पुढच्याच वर्षी कंपनी ट्राय-अँग या नावाने खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सकडे गेली. आरंभीच्या गाड्या पत्र्याच्या आणि ट्रॅक रबरी होता. नंतर दोन्ही प्लॅस्टिकचे झाले. आपला सेट साठच्या दशकाच्या अखेरचा असल्याने तो प्लॅस्टिकच्या काळातला असणार.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की खोक्यातला जुना ट्रान्सफॉर्मर भिंतीतील प्लगला लावू नये. पन्नासहून अधिक वर्षांत त्याच्या तारांवरचे आवरण ठिसूळ झालेले असते, आणि घरात नातू असताना तो धोका पत्करण्याचे कारण नाही. तो खोक्यात जपून ठेवावा आणि बारा व्होल्टचा, दोन-तीन अँपिअरचा एकदिश प्रवाह देणारा नवा अडॅप्टर घ्यावा. महाराणी रोडवरच्या विद्युत सामानाच्या दुकानांत किंवा जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारणा करावी.

गाडी थेट ट्रॅकवर ठेवण्याआधी मोटर जिवंत आहे का ते पाहावे. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोन तारा जोडून त्यांची टोके गाइडजवळच्या तांब्याच्या पट्ट्यांना क्षणभर लावली, की चाके फिरायला हवीत. फिरली नाहीत, तर घाई करू नये. जुने तेल घट्ट होऊन बसलेले असते, म्हणून मागचा आस बोटाने हलकेच फिरवून मोकळा करावा, जेथे आस टेकतो त्या ठिकाणी शिलाई-यंत्राचे तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब सोडावे, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. तेल टायरना किंवा विणलेल्या पट्ट्यांना लागू देऊ नये. त्या पट्ट्या काळ्या पडून ताठ झाल्या असतील, तर बदलाव्यात. सुटी विणलेली पट्टी मिळते आणि ती कापून बसवणे कठीण नाही.

गंजासाठी प्रथम पेन्सिलीचे कडक खोडरबर प्रत्येक पट्टीवर घासून पाहावे. वरवरचा गंज त्याने निघतो. जेथे निघणार नाही तेथे अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा, कारण जोर लावल्यास पट्टीवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज अधिक वेगाने येतो. पोलादी लोकर, म्हणजे भांडी घासण्याची तारेची जाळी, मुळीच वापरू नये. तिचे सूक्ष्म तंतू मोटरीतील चुंबकाला चिकटतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. तुकड्यांच्या सांध्यांवर धातूच्या जिभा ढिल्या झालेल्या असतात, त्या पक्कडीने किंचित दाबून घट्ट कराव्यात. एखाद्या ठिकाणी गाडी दरवेळी मंदावत असेल, तर दोष त्याच्या आधीच्या सांध्यात शोधावा.

तडकलेल्या टायरऐवजी नवे बसवावेत, पण जुने फेकू नयेत. मूळ खोके, पत्रके, टायर, ट्रान्सफॉर्मर हे सर्व एकत्र असलेल्या सेटला संग्राहकांच्या दृष्टीने वेगळेच मोल असते. गाड्यांना नवा रंग देण्याचा मोहही टाळावा.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी आहोत. चार लेनचा लाकडी ट्रॅक स्वतः बनवण्याचा विचार आहे. साहित्य, मापे आणि वायरिंग यांविषयी मार्गदर्शन करावे. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ट्रॅकची हुबेहूब प्रतिकृती करता येईल का?
— विद्यार्थी वाचक, इंदूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नॅट्रॅक्समधील अतिवेगाच्या चाचण्यांचा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. १:३२ प्रमाणात तो साडेतीनशे मीटरपेक्षा लांब होईल. जगातील कोणत्याही घरगुती स्लॉट ट्रॅकवर गाडी प्रमाणात असते आणि रस्ता संक्षिप्त असतो, ही गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी. शिवाय तो ट्रॅक दोन लांब सरळ भाग आणि बाहेरची कड उंचावलेली दोन वळणे अशा रचनेचा आहे, कारण तेथे गाड्यांना प्रदीर्घ काळ पूर्ण वेगात ठेवायचे असते. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. लहान-मोठ्या त्रिज्यांची डावी-उजवी वळणे असलेला बारा-पंधरा मीटरचा ट्रॅक खेळायला कितीतरी अधिक रंगतदार ठरेल.

लाकडासाठी बारा किंवा अठरा मिलिमीटरचे एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेली फळी, घ्यावे. प्लायला राउटर (लाकडात खाच कापणारे यंत्र) लागला, की खाचेच्या कडा उसवतात. एमडीएफ स्वच्छ कापले जाते. मात्र ओलावा हा एमडीएफचा शत्रू आहे, म्हणून वरची बाजू, खालची बाजू, कडा आणि खाचेच्या आतल्या भिंती या सर्वांना प्रायमर आणि रंग लागलाच पाहिजे. हे काम पावसाळा संपल्यावर हाती घ्यावे. खाच तीन मिलिमीटर रुंद आणि सात-आठ मिलिमीटर खोल असावी. दोन लेनमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे मागे सरकलेली गाडी शेजारच्या गाडीला धक्का देत नाही. सर्वांत आतल्या लेनची त्रिज्या फुटाच्या खाली नेऊ नये आणि प्रत्येक वळणाच्या बाहेर चार इंचांची मोकळी पट्टी सोडावी. ती नसेल, तर गाडीचे शेपूट सरकण्याआधीच कठड्यावर आपटते.

वळणातील खाच मोकळ्या हाताने कधीही कापू नये. लवचिक लाकडी किंवा अॅक्रिलिकची पट्टी हव्या त्या वळणात वाकवून बारीक खिळ्यांनी ठोकावी आणि राउटर तिला टेकवून चालवावा. एकदा पहिली खाच झाली, की तिच्यावरूनच पुढच्या समांतर खाचा आखता येतात. आपल्यापैकी कोणाला राउटरचा सराव नसेल, तर ओळखीच्या सुताराला सोबत घ्यावे आणि आधी टाकाऊ तुकड्यावर वळण कापून पाहावे. राउटर चालवताना चष्मा आणि मास्क हवाच; एमडीएफची धूळ फुप्फुसांना घातक असते. खिळे, स्क्रू, प्रायमर यांसाठी सियागंज आहेच.

रंग पूर्ण वाळल्यावर खाचेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून किंचित अंतर सोडून, तांब्याची चिकटपट्टी लावावी. ती स्वस्त आणि सोपी असते, पण काही महिन्यांच्या खेळाने झिजते आणि फाटते. विणलेली तांब्याची पट्टी लावायची, तर तिच्यासाठी उथळ खोबण आधीच कापावी लागते. श्रम अधिक, आयुष्यही अधिक. आपण विद्यार्थी आहात, हात चालणारे आहात, तेव्हा विणलेल्या पट्टीचीच शिफारस करतो.

वायरिंगमध्ये नवशिक्यांचे दुर्लक्ष होते ते एका गोष्टीकडे. तांब्याची पातळ पट्टी लांबवर गेली, की व्होल्टेज घटते आणि गाडी ट्रॅकच्या दूरच्या टोकाला मरगळते. म्हणून ट्रॅकखालून जाड तारेची एक फेरी काढून दर तीन-चार मीटरवर प्रत्येक पट्टीला जोड द्यावा. प्रत्येक लेनला बारा व्होल्टचा, तीन अँपिअरचा स्वतंत्र पुरवठा असावा. एकाच पुरवठ्यावर चारही लेन असल्या, तर कोणाची गाडी उडाली की बाकीच्यांच्या गाड्या क्षणभर वेग घेतात, आणि मग वळणावर त्याही उडतात. प्रत्येक लेनमध्ये मोटारींत असतो तसा साधा फ्यूज बसवावा, कारण तिरप्या पडलेल्या गाडीच्या विणलेल्या पट्टीने दोन्ही बाजू जोडल्या जाऊन शॉर्ट होतच असते. धन-ऋण टोके सर्व लेनमध्ये एकाच क्रमाने लावावीत. उलटी लागली तर गाडी मागे धावते.

लॅप मोजण्यासाठी खाचेच्या तळाशी प्रकाश-संवेदक आणि वर दिवे लावलेली कमान, एवढे पुरते. संवेदकाची जोडणी आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डला करून प्रत्येक लेनची वेळ नोंदवणारा प्रोग्रॅम आपल्याला सहज लिहिता येईल.

प्रश्न : दुकानदार डिजिटल सेट घेण्याचा आग्रह करतात. तो घ्यावा का?
— एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : डिजिटल सेटमध्ये ट्रॅकवर सतत पूर्ण व्होल्टेज असते, प्रत्येक गाडीत चिप असते आणि कंट्रोलरचा आदेश त्या चिपपर्यंत संकेतांनी पोहोचतो. त्यामुळे एकाच खाचेत अनेक गाड्या धावतात, बटण दाबून लेन बदलता येते आणि पुढच्याला मागे टाकण्याचा खरा थरार मिळतो. चार-सहा खेळाडू नेहमी जमणार असतील आणि खर्च झेपत असेल, तर जरूर घ्यावा. घरात दोघेच खेळणार असतील, तर अॅनालॉग, म्हणजे वर वर्णन केलेला साधा सेट, पुरेसा आहे. त्यात बिघाड शोधणे सोपे असते आणि ट्रिगरवरचे लक्ष विचलित होत नाही.

प्रश्न : गाडी सरळ भागात मागे पडते, म्हणून अधिक शक्तिशाली मोटर बसवावी असे वाटते. योग्य होईल का?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : घाई करू नये. लहान घरगुती ट्रॅकवर सरळ भाग दोन-तीन मीटरपेक्षा लांब नसतो, तेथे जोरकस मोटर वळणावर डोईजड होते. आधी टायर गोल आहेत का ते पाहावे. नव्या गाडीचेही टायर क्वचितच पूर्ण गोल असतात. सपाट पृष्ठभागावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर मागची चाके कमी व्होल्टेजवर, अगदी हलक्या दाबाने फिरवली, की ते सारखे होतात. त्यानंतर गिअर. मोटरीच्या दांड्यावरच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, ९ दात आणि आसावरच्या गिअरला २७ दात असतील, तर मोटरीच्या तीन फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. मागचा गिअर अधिक दातांचा घेतला, की सर्वोच्च वेग थोडा घटतो, पण वळणातून निघताना गाडी झटकन उचलते आणि ट्रिगर सोडताच लवकर आवरते. छोट्या ट्रॅकवर लॅपची वेळ बहुतेकदा त्यानेच सुधारते. शेवटी गाडीच्या सांगाड्याला वरचे कवच धरून ठेवणारे स्क्रू अर्धा आटा ढिले करून पाहावेत. कवच किंचित हलते राहिले, तर वळणातील हादरे गाइडपर्यंत पोहोचत नाहीत.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी ही स्पर्धा ठेवायची आहे. मंडळाकडे दोन लेनचा एकच सेट आहे आणि मुले तीसच्या आसपास असतील. व्यवस्था कशी करावी?
— मंडळाचे कार्यकर्ते, रामबाग, इंदूर

उत्तर : कल्पना फार चांगली आहे. एक नियम मात्र न चुकता पाळावा, तो म्हणजे गाड्या मंडळाच्याच असाव्यात. घरून आणलेली गाडी चालणार नाही. तसे केले नाही, तर महागडी गाडी असलेले मूल जिंकेल आणि इतरांचा विरस होईल. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या, सारख्या टायरच्या आणि चुंबकासह असाव्यात, शिवाय ऐनवेळी बिघाड झाल्यास तशीच तिसरी गाडी हाताशी असावी.

एकास एक बाद फेरी लावू नये, कारण एका चुकीने मूल घरी जाते आणि त्याला खेळायला दोन मिनिटेही मिळत नाहीत. प्रत्येक जोडीला एका लेनवर दोन मिनिटे, मग लेन बदलून पुन्हा दोन मिनिटे द्यावीत आणि दोन्ही वेळचे लॅप मिळवून नोंदवावेत. फेरी सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट सरावाला द्यावा. तीस मुलांच्या पंधरा जोड्या होतात. मांडामांड धरून दीड तासात पहिली फेरी आटोपते. सर्वाधिक लॅप नोंदवणाऱ्या सहा मुलांची अंतिम फेरी आरतीनंतर घ्यावी, आणि तीत प्रत्येक लेनला तीन मिनिटे द्यावीत. दर दोन जोड्यांनंतर टायर चिकटपट्टीवर पुसायचे आणि ट्रॅकवरून कोरडे कापड फिरवायचे, नाहीतर शेवटी खेळणाऱ्या मुलांना घसरता ट्रॅक मिळतो.

ट्रॅक जमिनीवर मांडू नये. मांडवातील धूळ आणि प्रेक्षकांचे पाय दोन्ही तेथे पोहोचतात. दोन टेबले जोडून वर प्लाय टाकावा आणि ट्रॅकचे तुकडे हलणार नाहीत असे खालून घट्ट करावेत. अडॅप्टरची तार लोकांच्या वाटेत येऊ देऊ नये, आणि पाऊस मांडवात शिरण्याची शक्यता असेल, तर स्पर्धा सभागृहातच घ्यावी. दोन्ही वळणांवर एकेक मार्शल उभा असावा, आणि ते काम नुकतीच आपली फेरी संपवलेल्या जोडीकडे सोपवावे. त्यामुळे मोठ्यांवर भार पडत नाही, आणि गाडी नेमकी कोठे आणि का उडते हे मुलांना जवळून पाहायला मिळते. मार्शलने गाडी खाचेत ठेवल्यावर गाइड सरळ आहे ना आणि मागची दोन्ही चाके ट्रॅकवर टेकली आहेत ना, एवढे पाहूनच हात बाजूला घ्यावा. तोवर त्या मुलाने ट्रिगर दाबायचा नाही, हे प्रत्येक फेरीच्या आधी सर्वांना सांगावे.